मोटारीवरचा माळा

आक्का त्याला माळा म्हणायची. दादा 'कॅरिअर' म्हणत, आई 'ते वरचं' म्हणे, आणि आमचा गडी नामा काहीच म्हणत नसे, कारण त्या विषयावर तोंड उघडायचं नाही अशी त्याला सक्त ताकीद होती. आक्का म्हणजे माझी आत्या, दादांची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला आणि ती माहेरी आली. आईवेगळ्या धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, शिकवलं, आणि तो कळंबच्या कोर्टात वकील म्हणून उभा राहिला तरी 'वकील तू कचेरीत, घरात पाय धुऊन ये' असं ऐकवायचा हक्क तिनं सोडला नाही. घराला माळा असतो तसा मोटारीला माळा, त्यात एवढं कुजबुजण्यासारखं काय, असं ती अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली होती. घराच्या माळ्यावर नको असलेलं पण टाकवत नाही असं सामान जातं. आमच्या मोटारीच्या माळ्यावर मात्र सगळा संसारच चढायचा होता, आणि तो का चढायचा हे गल्लीत कुणाला कळता कामा नये, ही खरी अडचण होती.

माझ्या नातवाच्या गाडीवर आता चकचकीत दांड्यांचं कॅरिअर आहे. दुकानात गेला, चहा पिईपर्यंत बसवून मिळालं, आणि आजवर त्यावर एक पिशवीसुद्धा चढलेली मी पाहिली नाही. शोभेला असतं आजी, म्हणतो. पण ती गाडी दारात येऊन उभी राहिली की माझी नजर आधी टपावर जाते आणि नाकात तिखट गेल्यासारखं होतं. त्या तिखटाचं पुढं येईलच.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पुढं दगडी ओटा, मागं परस, परसात चिंचेखाली जुना गोठा. गाय गेल्यावर त्या गोठ्यात मोटार आली. सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी वापरून सोडलेली, काळी, पत्र्याच्या टपाची. आक्कानं तिला ओवाळून आत घेतलं आणि रोज सकाळी तिच्या पुढच्या तोंडात पाणी घालायचं काम स्वतःकडं ठेवलं. ते घालताना ती मोटारीशी बोलायची. समोरच्या घरात खाजामियाँ राहत. तहसील कचेरीत कारकून. काळी शेरवानी, गोंड्याची तांबडी टोपी, पाऊस असो नसो हातात छत्री. सकाळी कचेरीला निघाले की आमच्या ओट्यापाशी क्षणभर थांबून 'जातूं, आक्का' म्हणायचे, आणि आक्का आतून ओरडायची, 'जातो म्हणू नये रे खाजा, येतो म्हणावं.' जातो हा शब्द तिला घरात खपत नसे. भाजीवाली 'जाते बाई' म्हणाली तर तिला पायरीवरून परत बोलावून 'येते' म्हणायला लावायची. खाजामियाँनी काही वर्षं आपला हेका चालवला, मग हार खाल्ली, आणि 'आतूं, आक्का' म्हणून पाठ फिरवायला लागले. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणत असू. चाचीच्या कोंबड्या आमच्या परसात शिरायच्या, आक्का त्यांना मराठीत शिव्या द्यायची, चाची त्याच शिव्या दखनीत परत करायची, आणि मग दोघी भिंतीच्या अल्याडपल्याड हसत बसायच्या.

त्या वर्षी गल्लीतले आवाज बदलले. संध्याकाळी ओट्यावर दादा आणि खाजामियाँ सुपारी कातरत बसत, त्या अडकित्त्याचा आवाज आधी बंद झाला. भांडण झालं नव्हतं. समोरासमोर आले तर नमस्कार-आदाब होई, पण दोघंही थांबत नसत. दादांनी काही तरुण पोरांचं वकीलपत्र घेतलं होतं, सरकारविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून धरलेल्या, आणि खाजामियाँ पडले त्याच सरकारचे नोकर. माझ्याशी बोलताना दिसला तर ह्याची नोकरी जाईल असं दादांना वाटत असणार, आणि तसलंच काहीतरी खाजामियाँना. हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळे की अडकित्ता वाजत नाही, आणि आई संध्याकाळी दिवा लावताना दोनदा कडी बघते. खाकी कपड्यांतली माणसं गावात येऊन-जाऊन असत. एखाद्या घराला सकाळी कुलूप दिसायचं. कुठं गेले विचारलं तर मोठी माणसं ओठ न हलवता 'बार्शी' म्हणायची. येरमाळा मागं टाकला की पुढं नाका होता आणि नाक्यापलीकडं निजामाचं राज्य संपत होतं. सामान घेऊन निघालेल्यांना वाटेत अडवत. कुणाला परत पाठवलं, कुणाचं काय झालं, हे सांगताना मोठ्यांचे आवाज खाली जात, आणि आम्ही पोरं जेवढं ऐकू यायचं नाही तेवढं मनानं भरून काढत असू.

मग दादांना त्यांच्या एका जुन्या पक्षकारानं बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्यावर नजर आहे, बिऱ्हाड हलवा. आम्ही तेव्हाच निघालो असतो. पण आक्काला मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, माणूस मात्र उरलं नाही. हातांच्या काड्या झालेल्या, आवाज खोल गेलेला, भाताची पेज चमच्यानं भरवायची. डॉक्टर म्हणाले, आतडं अजून कच्चं आहे, आडवंच ठेवायचं, बसवायचं नाही, हादरा लागू द्यायचा नाही. मोटारीत मागच्या बैठकीवर ती निजणार म्हणजे मागं दुसरं काही ठेवायला जागा उरत नव्हती. पुढं दादा, आई, मी आणि आईच्या मांडीवर धाकटा बाळू. मग ट्रंका, अंथरुणं, भांडी, दादांची कायद्याची पुस्तकं, हे कुठं जाणार? आईनं दबक्या आवाजात भांडी सोडायची तयारी दाखवली. दादांनी पुस्तकं सोडायची दाखवली. पण नुसत्या नेसत्या वस्त्रानिशी परक्या गावात आजारी माणूस घेऊन उतरायचं कसं, इथं दोघंही अडत.

त्यावर आक्का म्हणाली की सामान न्या, मला ठेवा. समोर चाची आहे, ती पेज देईल. हे ती एकदा म्हणाली असती तर आजारपणातलं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. पण ती रोज म्हणायला लागली, आणि मला भीती वाटायला लागली की एखाद्या दिवशी कुणीतरी हो म्हणेल. मी आईच्या तोंडाकडं बघत राहायची. आई नाही म्हणायची, पण आता तिला नाही म्हणायला आधीपेक्षा वेळ लागत होता. तेव्हा दादा एका सकाळी गोठ्यात जाऊन मोटारीच्या टपावर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले, आणि आत येऊन म्हणाले, सगळं वर जाईल. तू खाली.

लोखंड मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी लोहाराकडं मोटार नेणं म्हणजे गावात दवंडी देणं. दादांनी ठरवलं की बांबूचं करायचं आणि घरीच करायचं. लांबीला दोन जाड बांबू, त्यांच्यावर आडवे बारके, सगळं काथ्यानं आवळून बांधायचं, खाली जुन्या गोधड्या म्हणजे पत्रा दबणार नाही. त्यांनी नामाला बांबू आणि काथ्या आणायला सांगितलं. कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही, मान खाली घालून सरळ यायचं, असं तीनतीनदा बजावलं. नामा दाराबाहेर पडतोय तोच आईनं त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली आणि येताना एक नवं मडकं आण म्हणाली, वाटेत आक्काला प्यायला गार पाणी लागेल. आणि मांजरपाटही आण, अंथरुणाला गवसण्या शिवते, धूळ बसेल. दादांना आईचं ठाऊक नव्हतं आणि आईला दादांचं. नामा तेवढा दोघांचं ऐकून गेला.

करवतीचा आवाज झाकायला आईनं मला परसात उखळापाशी बसवलं आणि पुढ्यात वाळक्या मिरच्या ओतल्या. बार्शीला तिखट मिळत नाही अशी तिची समजूत होती की काय कोण जाणे. मी कुटत होते, डोळे चुरचुरत होते, नाक वाहत होतं, आणि आत दशम्यांचा खरपूस वास सुटला होता. नामा मागच्या फाटकानं आला. खांद्यावर लांब बांबू, बांबूंना काथ्याचं वेटोळं अडकवलेलं, काखेत पांढरं कापड, दुसऱ्या हातात नवं कोरं मडकं. आई उंबऱ्यात आली, तिनं ते सगळं एकत्र बघितलं, आणि हातातला पिठाचा गोळा तसाच घट्ट धरून खाली बसली. दादांना काही उमजलं नाही. आई एवढंच म्हणाली, नामा, तू बाजारातून आलास का रे? व्हय, नामा म्हणाला, मधनंच आलो. समदी विचारत व्हती, कोण, कोण. म्या न्हाय बोललो. खाली बघून आलो.

शहाण्या गड्यानं अक्षरशः सांगितलं तसं केलं होतं. आक्काचं दुखणं गल्लीला माहीत होतं, अशा घरी बांबू, काथ्या, मांजरपाट आणि मडकं चाललंय, गडी मान वर करत नाही, तोंड उघडत नाही. आपल्याकडं मयताच्या घरी विचारायची पद्धत नाही. माणसं येतात आणि बसतात. आईला हे तेव्हाच कळलं असावं, पण दादांची घाई बघून ती गप्प राहिली. दादा कामाला लागले. शर्टाच्या बाह्या सारलेल्या, केसांत बांबूचा भुसा. वकिलाचा हात, काथ्या ओढला की तळव्यावर वळ उठत होते. जाड बांबू टपावर आडवेतिडवे करून झाले, बारके वर बसले, मग दादांनी दोर एका खिडकीतून आत घालून दुसऱ्या खिडकीतून बाहेर काढला आणि असे वेढे देत देत सगळं इतकं आवळलं की हलवलं तर मोटार हलावी पण माळा हलू नये. लांब होऊन त्यांनी ते बघितलं. त्यांचा चेहरा त्या वर्षात पहिल्यांदा जरा सैल झालेला मी बघितला. मग आक्काची गादी घालून बघावी म्हणून ते दार उघडायला गेले. दार उघडेना. दुसरं उघडेना. दोर खिडक्यांतून गेला होता, आणि मोटारीची सगळी दारं दादांनी स्वतःच्या हातानं बांधून टाकली होती.

हसू यायला हवं होतं. दादा मोटारीच्या पायदानावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं आता ते म्हणणार, राहू दे आक्काला. माझं मुसळ हवेतच थांबलं. पण ते उठले आणि गाठी सोडायला लागले. दोर उघड्या दारांतून घ्यायचा, मग दारं लावायची, असं पुटपुटत. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली, अगदी हलकी. आईचे हात पिठाचे, दादांचे दोरात. मला जा म्हणाले, फट करून बघ.

मी फट केली. ओट्यावर माणसं बसली होती. खाली गल्लीत आणखी उभी होती. कुणी बोलत नव्हतं. कोपऱ्यावरचे किराणावाले मल्लप्पा दुकानाला फळ्या लावून आले होते, आणि त्यांच्या शेजारी, भर कचेरीच्या वेळेला, खाजामियाँ, टोपीवर रुमाल टाकलेला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे डोळे तिखटानं लालबुंद, गालांवरून पाणी चाललेलं, बोलायला गेले तर ठसका लागला आणि शब्दच फुटेना. मल्लप्पांनी डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. मागं कुठंतरी एका बाईनं हुंदका दिला. मी दार लोटून धावत परसात आले आणि दादांना सांगितलं की सगळी गल्ली आलीय, खाजामियाँ पण आलेत.

दादांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं ते लोक आपल्याला अडवायला आलेत. हातातला दोर त्यांनी टाकला नाही. आई काहीतरी सांगायला लागली, बांबू, मडकं, असं, पण ते ऐकत नव्हते. बाळूला घेऊन मागच्या फाटकानं निघ, म्हणाले. आणि आक्का? आईनं विचारलं. एवढ्यात पुढच्या दारात चाचीनं गळा काढला, त्याबरोबर गल्लीतल्या बायांनी सूर लावला, आणि आमच्या माजघरातून एक आवाज आला जो तापानंतर आम्ही ऐकला नव्हता.

"कोण गेलं गं?"

आक्का उठली होती. भिंतीला हात लावत, एका हातानं लुगडं सावरत ती पुढच्या दाराकडं चालली होती. आई धावली तोवर तिनं दार उघडलंही होतं. रडं मधेच थांबलं. इतकं गप्प झालं की चाचीची कोंबडी ओट्याखाली उकरत होती ते ऐकू आलं. आक्का चौकटीला धरून उभी राहिली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मल्लप्पांना विचारलं की दुकान का बंद केलंस, कोण गेलं. मल्लप्पांचं तोंड उघडं राहिलेलं मला अजून दिसतं.

"आक्का," ते म्हणाले, "तुमीच की."

आक्कानं जरा विचार केला. मग म्हणाली की मला कुणी तसं सांगितलं नाही. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. तोवर दादा मागं येऊन उभे राहिले होते, हातात काथ्या, डोक्यात भुसा, आणि त्यांच्याकडं बघून सगळ्यांच्या नजरा पुन्हा प्रश्नाच्या झाल्या. मयत नाही तर मग बांबू कशाला? दादा घसा खाकरून काहीतरी रचायला लागले, येरमाळ्याच्या देवीचा नवस वगैरे. आक्कानं हातानं त्यांना थांबवलं.

"कुणी गेलं न्हाई रे," ती म्हणाली. "आम्ही जातोय."

तो शब्द तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. भाजीवालीला पायरीवरून परत बोलावणारी माझी आत्या, सगळ्या गल्लीसमोर जातो म्हणाली, आणि खाली बसली. तिला बसवायचं नव्हतं, पण कुणाला ते आठवलं नाही. आता सगळ्यांना सगळं कळलं होतं. मी खाजामियाँकडं बघत होते, कारण दादाही त्यांच्याकडंच बघत होते. सरकारचा माणूस. त्यांनी टोपीवरचा रुमाल काढला, नीट घडी घातली, शेरवानीच्या खिशात ठेवला. मग ओट्यावरून उठून दादांच्या अगदी जवळ आले. दादा एक पाऊल मागं सरले.

"खांदा देनेकू आया था, वकीलसाब," ते म्हणाले. "सामान कां है?"

पुढचं फार लवकर झालं. माणसं घरातून परसात आली. दादांच्या गाठी कुणी सोडल्या, कुणी दारं उघडी धरली, चार कोपऱ्यांना चौघं लागले आणि माळा बसला. ट्रंका खांद्यावरून टपावर चढल्या. दादांची पुस्तकं मल्लप्पांनी स्वतः नेली. तराजूत टाकल्यासारखं एकेक गाठोडं हातात तोलून, काय वजनाचे कायदे केलेत सरकारनं, म्हणाले. मांजरपाट वर पांघरला. मडकं धुऊन भरलं. चाची आक्काच्या पायाशी बसून तिला रागावत होती. फुकट रडायला लावलंस म्हणत होती. मेरे आंसू वापस दे, म्हणत होती आणि रडतच होती. आईनं घराची किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली. दादा एकदोनदा आभाराचं काही बोलायला गेले, पण त्यांना कुणी मधे उभं राहू दिलं नाही. आता थांबू नका, बाजारात एव्हाना पोचलं असेल, अब्बीच निकलो, असं खाजामियाँ म्हणाले, आणि कुणी न सांगता पुढच्या बैठकीवर जाऊन बसले. आई आणि बाळू आक्काच्या पायाशी खाली, मी दादांच्या आणि खाजामियाँच्या मधे.

त्या रस्त्याचं मला फार आठवत नाही. वर काथ्या करकरत होता, आणि तो करकरला की आम्ही सगळे टपाकडं बघत होतो. येरमाळा आला, गेला. दादा मोटार इतकी हळू चालवत होते की बैलगाड्या आम्हाला मागं टाकतील असं वाटावं. प्रत्येक खड्ड्याला ते 'आक्का' म्हणत आणि ती मागून 'आहे' म्हणे. नाक्यावर आडवा बांबू टाकलेला होता, आणि दोन माणसं. खाजामियाँ खाली उतरले. ती त्यांच्या ओळखीची निघाली की नाही मला समजलं नाही, पण त्यांची टोपी आणि शेरवानी बघून ती माणसं जरा सरळ उभी राहिली. अंदर कौन है, विचारलं. मेरी बेन है, बीमार है, बार्शी के डाक्टर कू दिखाना है, असं खाजामियाँ म्हणाले. एकानं आत वाकून आक्काकडं बघितलं. ती होतीच तशी दिसत. मग त्यानं मान वर करून माळ्याकडं बघितलं. डाक्टरकडं जायला इतकं सामान? दादांचे हात चाकावर घामानं चकाकत होते.

"बीमारी लंबी है, भाई," खाजामियाँ म्हणाले.

तो माणूस बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यानं आडवा बांबू उचलला. खाजामियाँ आत बसले नाहीत. इथून ते बैलगाडीनं परतणार होते. मागच्या खिडकीशी आले, वाकले. आक्कानं हात बाहेर काढून त्यांच्या बाहीला धरलं आणि म्हणाली, येते रे खाजा. आव, ते म्हणाले. जल्दी आव. दादांनी त्यांचा हात हातात घेतला. मोटार सुरू झाली. मी मागच्या काचेतून बघत होते. त्यांनी छत्री उघडली होती, ऊन नव्हतं तरी.

बार्शीचे दिवस वेगळे, त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही. आक्का बरी झाली एवढं सांगते. पुढं राज्य बदललं आणि आम्ही परत निघालो, तोच माळा, तेच बांबू, आता दारं न बांधता बांधलेले. नाक्यावर कुणी नव्हतं. गल्लीत शिरलो तेव्हा मल्लप्पा दुकानातून धावत आले, किल्ली त्यांच्याकडं होती. चाचीकडं दिली होती ना, आई म्हणाली. त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. आमच्या दाराचं कुलूप एवढ्या महिन्यांचं, पण किल्ली फिरवली तसं उघडलं. आईनं बोटाला लागलेलं बघितलं. तेल होतं. खाजामियाँ घालायचे, मल्लप्पा म्हणाले, दर जुम्म्याला नमाजाहून आले की. समोरच्या घरालाही कुलूप होतं. त्या कुलपावर तांबूस गंज चढायला लागला होता.

आमच्या घरातली भीती त्या मधल्या दिवसांत गल्ली ओलांडून समोर राहायला गेली होती. हैदराबादला गेले, मल्लप्पा म्हणाले, पुढचं ठाऊक नाही. आक्का ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, सामान कुणी चढवलं? मल्लप्पा जमिनीकडं बघत सांगायला लागले. बैलगाडी दारात उभी होती, झड लागली होती, ते दोघंच ट्रंका आणत होते.

"समद्यांनी दारं लावून घेतली व्हती, आक्का," ते म्हणाले. "म्या बी."

दादा मोटारीपाशी उभे होते, ते तसेच उभे राहिले. टपावरचं सामान उतरवायला कुणी हात लावला नाही. मग तिनं विचारलं की जाताना काही म्हणाला का.

"व्हय. आक्का आल्या की सांगा म्हणाले. आतूं."

तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, गल्ली ओलांडली आणि समोरच्या दाराचं कुलूप हातात घेऊन बघितलं. मग मला हाक मारून तेल आणायला सांगितलं. त्या दिवसापासून ते काम माझ्याकडं आलं. मी वाटीतून तेल सोडायची, आक्का आमच्या ओट्यावरून बघायची, थेंब बाहेर सांडला तर रागवायची. माझं लग्न झालं, वऱ्हाड दारात खोळंबलं होतं, मी येते म्हणून तिच्या पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद द्यायच्या आधी विचारलं, समोरच्या कुलपाला तेल दिलंस का.